‘सरेंडर’चे मराठी करताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘सरेंडर’ हा इंग्रजी शब्द बातमीत आला की मराठी दैनिकांत त्याची ‘शरणागती’ किंवा ‘आत्मसमर्पण’ होऊन जाते. विम्याची पॉलिसी, कुळाची जमीन, पासपोर्ट, न्यायालयात हजर झालेला आरोपी, मार्चअखेर शिल्लक राहिलेला निधी, सगळ्यांची एकाच शब्दावर बोळवण होते. नाहीतर ‘परत केले’ असे मोघम लिहून वेळ मारून नेली जाते. कायद्याच्या दृष्टीने मात्र या प्रत्येक ठिकाणी वेगळेच काही घडलेले असते. पैसे मिळतात की नाही, हक्क कायमचा जातो की काही काळापुरता, घेतलेला निर्णय फिरवता येतो की नाही, हे त्यावर ठरते. बातमी वाचून लोक कागदांवर सह्या करतात, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याच्या पोटात ‘परत देणे, सोपवणे’ हा अर्थ आहे. इंग्लंडात तो आधी रुळला जमिनीच्या कायद्यात. भाडेपट्ट्याची मुदत शिल्लक असताना पट्टेदाराने आपला हक्क मूळ मालकाच्या हाती सोपवणे म्हणजे सरेंडर. तलवार खाली ठेवण्याचा अर्थ त्यामागून आला. आपल्याकडच्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात आजही तो जुना अर्थ जसाच्या तसा आहे. कलम १११ मध्ये भाडेपट्टा कशाकशाने संपतो याची यादी आहे. त्यातल्या एका खंडानुसार पट्टेदाराने आपला हितसंबंध पट्टा देणाऱ्याला परस्परसंमतीने सोडून दिला की पट्टा संपतो. यात हरणारा आणि जिंकणारा असे कोणी नाही. हक्क ज्याच्याकडून आला होता त्याच्याकडे तो दोघांच्या राजीखुशीने परत जातो आणि तिथेच विरतो. बहुतेक कागदी व्यवहारांतल्या ‘सरेंडर’ची किल्ली हीच आहे. पॉलिसी कंपनीकडे जाते, पासपोर्ट सरकारकडे, कुळाचा हक्क जमीनमालकाकडे.

बोलत्या मराठीने ही वाटणी केव्हाच केली आहे. लोक ‘आरोपी सरेंडर झाला’ म्हणतात आणि ‘पॉलिसी सरेंडर केली’ म्हणतात. ‘होणे’ लागले तर माणूस स्वतःला दुसऱ्याच्या हवाली करतो. ‘करणे’ लागले तर हातातली वस्तू, कागद किंवा हक्क सोपवतो. बातमी लिहिणाऱ्याने आधी एवढे तपासले तरी निम्मा गोंधळ मिटेल. ‘झाला’ असेल तिथे शरण येणे, हजर होणे, स्वाधीन होणे यांतून निवड करावी. ‘केली’ असेल तिथे ‘शरण’ या शब्दाला हातच लावू नये.

सर्वाधिक घरांशी संबंध येतो तो विम्याचा, म्हणून तिथे थोडे थांबतो. कंपन्यांच्या मराठी पत्रकांत ‘समर्पण मूल्य’ असा शब्द असतो. समर्पण म्हटले की मराठी माणसाला देव किंवा देश आठवतो. मुदतीआधी पॉलिसी मोडून मिळणारी रक्कम असा अर्थ त्यातून कोणालाच कळत नाही. एजंट आणि ग्राहक दोघेही ‘पॉलिसी मोडली’ म्हणतात. मुदत ठेव मोडतात, तशी पॉलिसी मोडतात. ‘मोडीची रक्कम’ हा शब्द बातमीत बिनदिक्कत वापरावा.

या रकमेचे दोन प्रकार असतात, हमी असलेली आणि विशेष. दोन्ही काढून जी जास्त येईल ती कंपनीने द्यायची असते. नियमित हप्त्यांच्या पारंपरिक पॉलिसीत हमी रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात ठरते. दुसऱ्या वर्षी मोडली तर किमान ३० टक्के, तिसऱ्या वर्षी ३५ टक्के, चौथ्या ते सातव्या वर्षी ५० टक्के आणि शेवटच्या दोन वर्षांत ९० टक्के. हप्त्यावर भरलेला कर, रायडरचे (पॉलिसीला जोडलेल्या जादा संरक्षणाचे) पैसे आणि जादा जोखमीसाठी घेतलेला अधिभार या हिशेबात धरत नाहीत. मधल्या काळात मनीबॅक मिळाले असेल तर तेही वजा होते. ‘एवढे भरले आणि एवढेच कसे?’ या तक्रारीचे मूळ अनेकदा इथे असते. विशेष रकमेचे नियम विमा नियामकाने २०२४ मध्ये बदलले. १ ऑक्टोबर २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या पॉलिसींत एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असेल आणि पहिले पॉलिसी वर्ष पूर्ण झाले असेल, तरी काही ना काही रक्कम मिळते. जुन्या पॉलिसीला तिच्या स्वतःच्या अटी लागू राहतात. त्यामुळे ‘आता वर्षभरातच पैसे परत’ असे सरसकट शीर्षक देणे बरोबर नाही.

पॉलिसी मोडणे आणि ती पेड-अप होणे या दोन गोष्टी बातम्यांत एकत्र कालवल्या जातात. एक उदाहरण घेऊ. २० वर्षांची पॉलिसी, विमा रक्कम ५ लाख रुपये, वार्षिक हप्ता कर वगळून २५ हजार. सहा हप्ते भरले, म्हणजे दीड लाख रुपये गेले. सातव्या वर्षाच्या सुरुवातीला पॉलिसी मोडली तर हमी रक्कम ७५ हजार, शिवाय जमा बोनसचे त्या दिवशीचे मूल्य. न मोडता नुसते हप्ते थांबवले, तर पॉलिसी कमी रकमेची होऊन चालू राहते, म्हणजेच पेड-अप होते. २० पैकी ६ हप्ते भरलेले, म्हणून ५ लाखांच्या सहा-विसांश, म्हणजे दीड लाख आणि आधी जमा झालेला बोनस मुदतीअंती किंवा मृत्यूनंतर मिळतो. पेड-अप पॉलिसी पहिल्या न भरलेल्या हप्त्यापासून साधारण पाच वर्षांत थकबाकी व व्याज भरून पुन्हा पूर्ण करता येते. मोडलेली पॉलिसी पुन्हा जोडता येत नाही. हप्ते थांबले म्हणजे ‘सरेंडर झाली’ असे समजून कागद फेकून देणारे लोक आहेत. त्यांच्या वारसांचा हक्काचा पैसा असा नकळत बुडतो.

याचा अर्थ पॉलिसी कधी मोडूच नये असा नाही. वरच्या उदाहरणात बोनस दोन्हीकडे बाजूला ठेवला आणि ते ७५ हजार उरलेली १४ वर्षे ७ टक्के दराने ठेवले, तर सुमारे १ लाख ९३ हजार होतात. म्हणजे दीड लाखांपेक्षा जास्त. ज्याच्याकडे पुरेसा मुदत विमा वेगळा आहे, त्याला मोडणे फायद्याचे ठरू शकते. ‘शरणागती’सारखा शब्द इथे वाचकाच्या मनात पराभवाची भावना घालतो आणि हिशेब करायच्या आत निर्णय होऊन जातो. उलट बाजूही आहे. ‘ही मोडा, नवी घ्या’ असे सुचवले जाते तेव्हा नव्या पॉलिसीत वाढलेल्या वयाचा हप्ता लागतो. दाव्याला आव्हान देण्याची तीन वर्षांची मुदतही पहिल्या दिवसापासून पुन्हा मोजली जाते. १९३८ च्या विमा अधिनियमाच्या कलम ४५ नुसार तीन वर्षे उलटल्यावर कंपनीला पॉलिसीच्या वैधतेवर शंका घेता येत नाही. जुनी मोडली की हे संरक्षण गेले. ज्याला काही महिन्यांपुरतीच पैशाची नड आहे, त्याला मोडीच्या रकमेच्या साधारण ८० ते ९० टक्क्यांपर्यंत त्याच पॉलिसीवर कर्ज मिळू शकते. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत नापसंत म्हणून परत केली, तर ती मोडणे ठरत नाही. मग थोडीशी कपात वगळता पूर्ण हप्ता परत येतो. या एका प्रकाराला मात्र ‘परत केली’ हेच शब्द शोभतात.

जमिनीकडे वळतो. इथे ‘सरेंडर’ला आपल्याकडे जुना, कसदार शब्द होता आणि तो आपण घालवत चाललो आहोत. गावच्या दप्तरात कुळाने जमीन सोडली की ‘राजीनामा’ लिहीत, आणि दुसऱ्याने ती पत्करली की ‘कबुलायत’. जुने फेरफार उघडले तर ‘कुळाने राजीखुशीने जमिनीचा राजीनामा दिला’ असे वाक्य हटकून सापडते. आजच्या वाचकाला राजीनामा म्हटले की नोकरी किंवा मंत्रिपद आठवते, म्हणून वार्ताहर तिथे ‘कुळाने जमीन समर्पित केली’ असे लिहितो. वाचणाऱ्याला वाटते कुळाने दानधर्म केला.

मूळ भानगड अशी. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम १५ प्रमाणे कुळाला आपला हक्क जमीनमालकाला सोडून देता येतो. पण त्यासाठी दोन गोष्टी लागतात. सोडत असल्याचे लेखी हवे, आणि मामलेदारासमोर, म्हणजे आजच्या तहसीलदारासमोर, त्याची पडताळणी व्हायला हवी. नियमांनुसार पडताळणी म्हणजे नुसता शिक्का नव्हे. आपण काय सोडतो आहोत आणि त्याचे परिणाम काय हे कुळाला कळले आहे, आणि तो हे स्वखुशीने करतो आहे, याची चौकशी करून तसा शेरा त्याच कागदावर लिहायचा असतो. ही अट मुद्दाम घातली होती. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने मालक मानले जाणार होते. तो दिवस जवळ येत असताना कुळांकडून तोंडी किंवा साध्या कागदावर ‘सोडली’ असे वदवून घेण्याचा मोह जमीनमालकांना होता.

म्हणून अशा वादाची बातमी लिहिताना ‘कुळाने जमीन सोडली होती’ एवढ्यावर थांबू नये. सोडल्याचा कागद आहे का, आणि त्यावर तहसीलदाराचा पडताळणीचा शेरा आहे का, हे दोन प्रश्न विचारून उत्तर छापावे. अनेक दावे याच दोन प्रश्नांवर उभे राहतात किंवा पडतात. नुसती फेरफार नोंद ही जागा भरून काढत नाही, कारण फेरफार हा हक्क निर्माण करणारा दस्त नव्हे. वाचकांसाठी हेही सांगायला हवे की १९४८ चा कायदा पश्चिम महाराष्ट्र, कोकण, खानदेश या जुन्या मुंबई इलाख्यातल्या भागाचा. मराठवाड्यात १९५० चा हैदराबादचा कायदा आणि विदर्भात १९५८ चा स्वतंत्र कायदा लागू आहे. लातूरच्या वाचकाने पुण्याच्या बातमीतला कलम क्रमांक घेऊन वकिलाकडे जाऊ नये.

शहरात हाच शब्द पगडीच्या खोल्यांबाबत येतो. भाडेकरूने खोली थेट मालकाला सोडली तर ते सरेंडर. त्याने मालकाच्या संमतीने तिसऱ्याला दिली तर ते भाडेहक्काचे हस्तांतरण. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने भाडेहक्क सोडताना किंवा हस्तांतरित करताना मोबदला घेणे कायदेशीर केले आहे. त्यामुळे ‘पागडीचा काळा व्यवहार’ असे सरसकट लिहिणे आता चालणार नाही. एक बारकावा भाडेकरूंच्या लक्षात येत नाही. चालू पट्टा असतानाच त्याच जागेचा नवा पट्टा स्वीकारला, तर जुना पट्टा गर्भित रीतीने सोडला असे कायदा मानतो. हे उदाहरण कलम १११ मध्येच दिलेले आहे. पुनर्विकासाच्या गडबडीत ‘नवा करार आहे, जुन्याला धक्का नाही’ असे सांगून सही मागितली, तर त्या एका वाक्यासाठी वकिलाची फी द्यावी.

हक्कसोडपत्राचा मात्र ‘सरेंडर’शी संबंध नाही. ते एका सहहिस्सेदाराने दुसऱ्या सहहिस्सेदाराच्या लाभात करून द्यायचे असते, आणि स्थावर मालमत्तेचे असेल तर नोंदणी अनिवार्य आहे. ज्याचा मालमत्तेत मुळात हिस्साच नाही त्याच्या नावे ते केले, तर दस्ताचे नाव काहीही असो, व्यवहार बक्षीस किंवा विक्री समजला जाऊन मुद्रांक शुल्क त्याप्रमाणे लागते. ‘बहिणींनी हक्क सरेंडर केला’ अशी वाक्ये मालमत्तेच्या बातम्यांत येतात. बहिणीचा हक्क भावाकडून आलेला नसतो, तो तिचा स्वतःचा असतो. महाराष्ट्राने १९९४ मध्येच आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने हिस्सा दिला. ती तो परत करत नाही, सोडते. आणि सोडायचा की नाही हे तिचे तिने ठरवायचे असते. मृत्युपत्र, वारसनोंद, हक्कसोड असे कागद एकाच बैठकीत पुढे सरकवले जातात तेव्हा नोंदणी कार्यालयात दस्ताचे नाव मोठ्याने वाचून घेण्याचा आग्रह तिने धरावा.

आता न्यायालय. ‘आरोपी पोलिसांना शरण’ या शीर्षकात ‘शरण’ शब्दाने अर्धा निकाल लावून टाकलेला असतो. मराठीत शरण जाणारा आपली चूक मानतो. कायद्यात हजर होणारा काहीही कबूल करत नाही. अटकपूर्व जामीन फेटाळला गेला आणि न्यायालयाने दोन आठवड्यांत हजर व्हायला सांगितले, तर त्याने हजर होणे ही फक्त कार्यपद्धती आहे. नियमित जामीन मागायचा तर अर्जदार कोठडीत असावा लागतो, हे जुन्या फौजदारी संहितेच्या कलम ४३९ मध्ये होते आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८३ मध्ये आहे. पण कोठडी म्हणजे पोलिसांच्या बेड्याच हव्यात असे नाही. १९८० मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी सांगितले की आरोपी न्यायालयात येऊन त्याच्या आदेशाधीन झाला की तो कोठडीतच आहे. म्हणून न्यायालयात गेलेल्यासाठी ‘न्यायालयात हजर झाला’, ठाण्यात गेलेल्यासाठी ‘पोलिसांच्या स्वाधीन झाला’ आणि संचित रजेवरून परतलेल्या कैद्यासाठी ‘तुरुंगात परत हजर झाला’ असे लिहावे. ‘अटक’ आणि ‘शरण’ एकाच बातमीत, एकाच माणसाविषयी, दोन परिच्छेदांत लिहिले जाते तेव्हा नेमके काय झाले हे कोणालाच कळत नाही.

गडचिरोलीत नक्षलवाद्यांच्या बाबतीत ‘आत्मसमर्पण’ हा शब्द बरोबर बसतो. महाराष्ट्राची ती योजना २००५ पासून आहे, तिचे नावच तसे आहे, आणि माणूस शस्त्रासह स्वतःला सोपवतो. फक्त आत्मसमर्पणाने गुन्हे आपोआप पुसले जात नाहीत, हे एक वाक्य प्रत्येक बातमीत यायला हवे.

प्रत्यार्पणाच्या बातम्यांतही हा शब्द लपलेला असतो. प्रत्यार्पण ही विनंतीपासून अपिलापर्यंतची सगळी प्रक्रिया, आणि सरेंडर ही तिची शेवटची पायरी, म्हणजे माणूस प्रत्यक्ष हवाली करणे. २६/११ च्या खटल्यासाठी तहव्वूर राणाला अमेरिकेतून १० एप्रिल २०२५ रोजी भारतात आणले. त्याआधी तिथल्या परराष्ट्र खात्याने काढलेल्या ‘सरेंडर वॉरंट’चे भाषांतर ‘शरणागतीचे वॉरंट’ असे करणे चूक ठरेल. ते ‘हवाली करण्याचा आदेश’ होते.

पासपोर्टचा घोळ परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांना आणि गोमंतकीयांना प्रत्यक्ष भोगावा लागतो. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमाच्या कलम ९ नुसार दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले त्या क्षणी भारतीय नागरिकत्व संपते. अमेरिकेत शपथ मंगळवारी झाली असेल तर नागरिकत्व मंगळवारीच गेले, पासपोर्ट वकिलातीत कधीही जमा होवो. म्हणून ‘पासपोर्ट परत करून नागरिकत्व सोडले’ हे वाक्य उलटे आहे. आधी नागरिकत्व जाते, मग निरुपयोगी झालेला पासपोर्ट जमा करून तसे प्रमाणपत्र घ्यायचे असते. ते प्रमाणपत्र ओसीआय कार्डाच्या, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या कार्डाच्या, अर्जाला लागते. मधल्या काळात जुन्या भारतीय पासपोर्टवर प्रवास करणे हा गुन्हा आहे. ‘मुदत शिल्लक आहे, एक फेरी मारून येऊ’ या विचाराने लोक दंडात अडकतात. कलम ८ मधला नागरिकत्वाचा त्याग ही वेगळी गोष्ट. तिथे माणूस रीतसर घोषणापत्र देतो आणि त्याच्या नोंदणीने नागरिकत्व संपते.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे. लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्या अनेक गोमंतकीयांचे भारतीय पासपोर्ट ‘माहिती दडवली’ या कारणाने रद्द केले गेले. रद्द केलेला पासपोर्ट सरेंडर करता येत नाही, आणि सरेंडर प्रमाणपत्र नसले की ओसीआयचा अर्ज अडतो. २०२४ मध्ये केंद्राने रद्द केल्याचा दाखलाही त्यासाठी ग्राह्य धरण्याची वाट काढली. या विषयावरच्या बातम्यांत ‘रद्द’ आणि ‘परत’ हे शब्द एकमेकांच्या जागी आले, तर वाचणाऱ्याचा अर्ज चुकतो. जामिनाची अट म्हणून न्यायालयात दिलेला पासपोर्ट ही तिसरीच गोष्ट. तो ठेव म्हणून दिलेला असतो आणि अट उठली की परत मिळतो. त्याला ‘जमा केला’ हा रोजच्या वापरातला शब्द अचूक आहे.

मार्च महिन्यात तालुक्या-तालुक्यातून ‘निधी परत गेला’ अशा बातम्या येतात. शासनाच्या मराठीत इथे ‘निधी समर्पित करणे’ आणि ‘निधी व्यपगत होणे’ असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि बातमीने ते वेगळेच ठेवावेत. वर्ष संपायच्या आत, खर्च होणार नाही हे दिसताच, विभागाने शिल्लक वित्त विभागाला कळवून सोडली तर ती समर्पित. मग ती दुसऱ्या गरजेच्या कामाला वळवता येते. शिल्लक कवटाळून बसले आणि ३१ मार्चची मध्यरात्र उलटली तर ती व्यपगत, आणि कोणाच्याच कामी आली नाही. पहिली गोष्ट शिस्तीची आहे, दुसरी हलगर्जीपणाची. बचत दिसत असूनही वेळेत सोडली नाही म्हणून महालेखापरीक्षक विनियोजन लेख्यांच्या अहवालात विभागांवर ताशेरे ओढतात. शेवटच्या दिवशी लगबगीने सोडलेल्या रकमेवरही त्यांचा आक्षेप असतो, कारण ती वळवायला वेळच उरत नाही. वार्ताहराने रकमेबरोबर तारीखही विचारावी. जानेवारीत सोडलेला निधी आणि ३१ मार्चच्या संध्याकाळी सोडलेला निधी यांची बातमी एक नाही.

आरक्षित भूखंड टीडीआरच्या (हस्तांतरणीय विकास हक्कांच्या) बदल्यात महापालिकेला दिला जातो, त्यालाही कायद्याच्या इंग्रजीत ‘सरेंडर’च म्हणतात. तिथे जमीन महापालिकेकडून मिळालेली नसते, त्यामुळे ‘ज्याचे त्याला परत’ हे सूत्र तिथे लागू पडत नाही. ‘जागा विनामूल्य व भारमुक्त हस्तांतरित केली, मोबदल्यात विकास हक्क मिळाले’ असे पूर्ण वाक्यच लिहावे लागते. ‘विनामूल्य’ हा शब्द एकटा ठेवला, तर बिल्डरने फुकट जागा दिली असा समज होतो.

रणांगणाबद्दल फार सांगायला नको. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात जनरल नियाझींनी जनरल अरोरांसमोर सही केली ती शरणागतीच. तिथे दुसरा शब्द शोधायचे कारण नाही. खटकते ते इतिहासाच्या भाषांतरात. पुरंदरच्या तहाविषयी, जून १६६५ च्या, इंग्रजी मजकुरात शिवाजी महाराजांनी २३ किल्ले ‘सरेंडर’ केले असे वाक्य असते. त्यावरून ‘महाराजांची शरणागती’ असे लिहिणारे लेख आणि चित्रफितींची शीर्षके हल्ली दिसतात. चार लाख होनांच्या उत्पन्नाचा मुलूख आणि २३ किल्ले दिले, एक लाख होनांचा मुलूख आणि १२ किल्ले स्वतःकडे राखले. कलमे ठरवून, देवाणघेवाण करून झालेला तो तह होता. किल्ले ‘दिले’, ‘सुपूर्द केले’ म्हणावे. वर काढलेली कसोटी इथेही चालते. किल्ले सरेंडर ‘केले’, महाराज सरेंडर ‘झाले’ नाहीत.

राहिली राजकारणातली शीर्षके. आंदोलकांच्या पाचपैकी दोन मागण्या मान्य झाल्या की ‘सरकारची शरणागती’ छापून येते. पाचातल्या दोन मान्य करणे म्हणजे नमते घेणे. आदेश मागे घेतला तर माघार. सगळ्या मागण्या बिनशर्त मान्य झाल्या तरच शरणागती. तिन्हींचे वजन वेगळे आहे, आणि जागेचीही अडचण नाही. ‘नमते’ आणि ‘माघार’ हे दोन्ही शब्द एका स्तंभाच्या शीर्षकात ‘शरणागती’पेक्षा कमी जागा घेतात.

आपला,
एक नियमित वाचक
(कायदेविषयक कागदपत्रांचा अनुवादक), पुणे